धरणांचे काठ कोणाचे?

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की पुणे जिल्ह्याच्या प्रशासनाला पर्यटकांची आठवण होते, आणि ती मनाई आदेशाच्या रूपाने प्रकट होते. अमुक धबधब्याखाली उतरू नये, तमुक जलाशयात पाय घालू नये, सायंकाळनंतर घाटात थांबू नये, अशा फलकांची माळ लोणावळ्यापासून ताम्हिणीपर्यंत लागते. वळणावळणावर दोन-दोन पोलीस उभे राहतात. आणि सरकारचे कर्तव्य तेथे संपते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात हडपसर भागातील एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर आदेश निघाले. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला व चौघांचा बळी गेला. त्यानंतरही आदेश निघाले. त्या पुलाच्या जागी नवा पूल बांधण्यासाठी निधी मंजूर झालेला होता. काम मात्र सुरू झाले नव्हते. ‘पूल धोकादायक आहे’ हे सांगणारा फलक लावण्यात तेवढी दिरंगाई झाली नव्हती.

हे दोन्ही दिवस रविवारचे होते, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर शहरी वृत्तपत्रांतून एक ठराविक सूर उमटतो. लोकांना शिस्त नाही, तरुण हुल्लडबाज आहेत, मोबाइलवर छायाचित्रे काढण्याच्या वेडापायी ते जीव गमावतात. हुल्लडबाजी होत नाही असे कोणीच म्हणणार नाही. परंतु भुशीच्या पायऱ्यांवर पाण्यात बसायला जातो कोण, याचा विचार या उपदेशकांनी कधी केलेला नाही. ज्याच्यापाशी मोटार आहे, क्लबचे सभासदत्व आहे, मुळशीकाठच्या हॉटेलातील खोलीचे एका रात्रीचे भाडे भरण्याची ऐपत आहे, तो तेथे जात नाही. तेथे जातो तो ११ मार्च १९७८ रोजी सुरू झालेल्या पुणे–लोणावळा लोकलने प्रवास करणारा माणूस. येरवड्याच्या, जनता वसाहतीच्या, दापोडीच्या दहा बाय दहाच्या खोलीतून आठवड्याला एक दिवस बाहेर पडणारा. रेल्वेला पाणी पुरविण्यासाठी ब्रिटिशांनी बांधलेल्या त्या जुन्या धरणाच्या सांडव्यावर तो मुलांना घेऊन बसतो, कारण लोकलच्या अंतरात, फुकट, कोणी हटकणार नाही असे दुसरे पाणी त्याला ठाऊकच नाही. लाखो लोक चार-दोन जागी कोंडले जातात. मग तेथे चेंगराचेंगरी झाली, की दोष कोंडणाऱ्यांचा नव्हे, तर कोंडले गेलेल्यांचा ठरतो!

वास्तविक पुण्याच्या पश्चिमेस पाण्याची वाण नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या चार धरणांची साठवणशक्ती मिळून सुमारे २९ अब्ज घनफूट भरते. त्यापलीकडे पवना आहे, मुळशी आहे, उत्तरेस भामा-आसखेड व डिंभे आहे. सह्याद्रीच्या कुशीत शिरलेल्या या जलाशयांचा मैलोन् मैल काठ आहे. सर्वसामान्य पुणेकराला त्या काठावर निर्भयपणे बसता येईल, पोहता येईल, एक रात्र तंबू ठोकून राहता येईल, अशी सार्वजनिक मालकीची व सार्वजनिक व्यवस्थेची जागा त्या सबंध काठावर शोधूनही सापडणे कठीण. खडकवासल्याच्या भिंतीलगतची ‘चौपाटी’ म्हणजे भर रस्त्याच्या कडेला भाजलेली कणसे खाण्याची सोय. तिला सार्वजनिक उद्यान म्हणायचे असेल तर शब्दांना अर्थ उरला नाही असे म्हणावे लागेल.

मग हा काठ गेला कुठे? याचे उत्तर मिळविण्यासाठी तो आला कुठून हे आधी पाहावे लागते.

मुळशीच्या पाण्याखालची भूमी टाटांच्या वीज कंपनीसाठी ब्रिटिश सरकारने मावळ्यांकडून सक्तीने घेतली. १९२१ ते १९२४ या काळात मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी दिलेला लढा हा धरणाविरुद्ध संघटितपणे झालेल्या जगातील पहिल्या लढ्यांपैकी एक, आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते त्याच लढ्यात. धरण झाले, सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिरा येथे वीज निर्माण झाली, मुंबईच्या गिरण्या व दिवे तिच्यावर चालले. पानशेत, वरसगाव, पवना ही स्वातंत्र्यानंतरची अपत्ये; येथे भूसंपादन ‘सार्वजनिक हितासाठी’ झाले. शहरांना पाणी हवे, शेतीला पाणी हवे, म्हणून मावळातील व मोसे खोऱ्यातील माणसांनी भातखाचरे सोडली, देव उचलले, डोंगराच्या वरच्या अंगाला किंवा दूर दौंड-शिरूरच्या बाजूला बिऱ्हाडे नेली. पुनर्वसनाचा पहिला सर्वंकष कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला खरा. पण तो धरणग्रस्तांनी डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली मोर्चे काढले, धरणे धरली, तुरुंग भोगले म्हणून झाला. पवनेच्या धरणग्रस्तांपैकी शेकडो कुटुंबांनी जमिनीच्या बदल्यात जमीन मिळण्यासाठी पन्नास वर्षे सरकारचे उंबरे झिजविले. धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी, म्हणजे ऐन क्रांतिदिनी, बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळ्यांनी तिघांचे प्राण घेतले.

एवढी किंमत देऊन जी भूमी ‘सार्वजनिक’ झाली, तिचे पुढे काय झाले हे वरसगावच्या काठावर जाऊन पाहावे. १९९६ साली महाराष्ट्र सरकारने नव्या गिरिस्थानांसाठी खास नियम केले. २००१ साली मोसे खोऱ्यातील अठरा गावांचा प्रदेश गिरिस्थानासाठी अधिसूचित झाला. आणि २००२ साली कृष्णा खोरे विकास महामंडळाने वरसगाव जलाशयासाठी संपादन केलेल्या भूमीपैकी सुमारे १४१ हेक्टर भूमी लवासा उभारणाऱ्या कंपनीला भाडेपट्ट्याने दिली. धरणासाठी घेतलेली जमीन धरणाला नको होती, तर ती ज्याची होती त्याला परत देण्याचा मार्ग मोकळा होता. ज्यांच्या तहानेच्या नावाने ती घेतली त्या पुणेकरांसाठी तेथे उद्यान करण्याचा मार्गही मोकळा होता. सरकारने तिसरा मार्ग पत्करला. दासवे येथे इटलीच्या खेड्याची नक्कल उभी राहिली, काठावर रंगीत इमारती व उपाहारगृहे आली, नौकाविहार आला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्यास सांगितले, पुढच्या वर्षी अटींसह परवानगी दिली, आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेली. आता तेथे बँकांचे दावे आहेत, घर घेऊन फसलेल्या मध्यमवर्गीयांचे दावे आहेत. मोसे खोऱ्यातल्या कातकऱ्यांचा दावा कोणत्या वहीत लिहिला आहे, हे विचारण्याची मात्र पद्धत नाही.

लवासा हा अपवाद होता, असे समजून स्वस्थ बसणाऱ्यांनी पवनेचा काठ पाहावा. तेथे एक मोठी कंपनी नाही, पन्नास लहान-मोठे धनी आहेत. पुण्या-मुंबईच्या धनिकांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत काठालगतच्या जमिनी विकत घेतल्या, बंगले बांधले, आणि पाण्यापर्यंत कुंपणे नेली. उरलेल्या पट्ट्यांत तंबूंची वसाहत आहे. शनिवारी संध्याकाळी माणशी हजार-दीड हजार रुपये मोजावेत. त्या मोबदल्यात तंबू, चुलीवरच्या जेवणाचे नाटक, आणि मध्यरात्रीपर्यंत कर्णकर्कश संगीत पदरात पडते. जीवरक्षक नाही, शौचालयांची अवस्था सांगण्यासारखी नाही. रविवारी सकाळी मागे राहतात त्या बाटल्या, आणि त्या बाटल्या पुढे पिंपरी-चिंचवडच्या पिण्याच्या पाण्यात. त्यातच जलसंपदा खात्याच्या ताब्यातील धरणांलगतच्या मोकळ्या जागा व विश्रामगृहे खाजगी भांडवलाच्या सहभागातून पर्यटनासाठी विकसित करण्याचे धोरण राज्य सरकारने स्वीकारलेले आहे. लवासात जे खास नियम करून झाले, ते आता सर्वसाधारण नियम म्हणून होणार आहे.

येथे पुरोगामी चळवळीतीलच काही मंडळी कपाळाला आठ्या घालतील. महागाई आहे, बेकारी आहे, कंत्राटी कामगाराला किमान वेतन मिळत नाही, आणि अशा वेळी डोंगर चढणे, तंबूत राहणे, पाण्यात डुंबणे हे पोट भरलेल्यांचे चोचले चळवळीच्या दाराशी कशाला आणता, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल वरकरणी कडवा वाटतो. तपासून पाहता तो कारखानदारांच्याच तोंडचा आहे. ‘कामगाराला सुट्टी कशाला? तो ती दारूत घालवील’, असे मुंबईच्या गिरणीमालकांचे म्हणणे होते. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मानले नाही, म्हणून १० जून १८९० रोजी गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. आठ तासांच्या दिवसाची मागणी करणाऱ्या जगभरच्या कामगारांनी उरलेल्या सोळा तासांपैकी आठ झोपेसाठी आणि आठ स्वतःसाठी मागितले होते. ते शेवटचे आठ तास हाच त्या मागणीचा आत्मा होता. कारण झोप तर मालकही देतो, बैल उद्या पुन्हा औताला जुंपायचा असतो. रविवार मिळाला. त्या रविवारी जायचे कुठे, हा प्रश्न लोखंड्यांच्या वारसांनी अर्ध्यावर सोडला आणि बाजाराने तो उचलला. बाजाराने दिलेले उत्तर मगरपट्ट्याच्या, विमाननगरच्या मॉलमध्ये पाहता येते. चाकणचा कंत्राटी कामगार बायकामुलांना घेऊन तेथे गार हवेत दोन तास फिरतो, काही विकत न घेता परत येतो, आणि याला त्याची करमणूक म्हणतात.

अन्य देशांतील श्रमिकांनी हा प्रश्न असा सोडला नाही. इंग्लंडमध्ये डर्बीशायरचा किंडर स्काउट नावाचा डोंगर उमरावांच्या शिकारीसाठी राखीव होता. २४ एप्रिल १९३२ रोजी, तोही रविवारच, मँचेस्टरच्या गिरण्या-कारखान्यांतील शेकडो तरुण बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या बेकार कम्युनिस्ट कारागिराच्या नेतृत्वाखाली बंदी मोडून त्या डोंगरावर चढले. पाच जणांना तुरुंगात टाकण्यात आले. पण १९४९ साली मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीय उद्यानांचा व रानवाटांवरील हक्काचा कायदा केला, आणि १९५१ साली देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते त्याच डोंगराळ मुलखात. फ्रान्समध्ये १९३६ च्या जनता आघाडीच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. सायकलींवर तंबू लादून कामगार कुटुंबे प्रथमच समुद्रकाठी गेली. इतकेच काय, ज्या अमेरिकेला कोणी समाजवादी म्हणणार नाही, तिने १९३३ ते १९४२ या मंदी-युद्धाच्या काळात सुमारे ३० लाख बेकार तरुणांना सरकारी मजुरीवर घेऊन झाडे लावली, पायवाटा काढल्या, राहुट्यांच्या जागा बांधल्या आणि आठशेहून अधिक सार्वजनिक उद्याने घडविली. त्यातही काळ्या तरुणांची शिबिरे वेगळी ठेवण्याइतका वर्णद्वेष होता, हे नमूद केलेच पाहिजे. तरी आजही तेथील घटक राज्यांच्या उद्यानांत सामान्य कुटुंब माफक शुल्कात तळ्याकाठी तंबू ठोकते, आणि ती जागा सरकारची, म्हणजे आपली, असे समजते. रोजगार हमीची कल्पना देशात सर्वप्रथम ज्या महाराष्ट्राने कायद्यात आणली, त्या महाराष्ट्राला हे सुचू नये? दुष्काळी कामांवर खडी फोडून घेण्यापलीकडे श्रमशक्तीचा उपयोग न दिसणाऱ्या नोकरशाहीकडून अपेक्षाही करवत नाही.

दुसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा. गर्दीने डोंगर उजाड होतील, पाणी नासेल, वन्य जीव पळतील. भीती खोटी नाही. पण तिचा वापर कोणाविरुद्ध होतो हे पाहिले पाहिजे. पुण्यात टेकड्या वाचविण्याचे मोठे काम नागरिकांनी केले. समाविष्ट गावांतील ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टिकले, वेताळ टेकडीच्या पोटातून रस्ता काढण्याच्या घाटाला विरोध झाला. हे अभिनंदनीयच. मात्र सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या सद्गृहस्थांना पर्वतीच्या उतारावरची झोपडी ‘अतिक्रमण’ दिसते आणि पायथ्याचा मनोरा ‘विकास’ दिसतो, तेव्हा निसर्गप्रेमाला वर्गाचा वास येतो. भीमाशंकरचेही तेच. १९८५ साली सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. शेकरू वाचला पाहिजे, यात वाद नाही. पण ज्या महादेव कोळ्यांनी देवराया राखल्या, त्यांनी हिरडा गोळा करताना वनरक्षकाची मर्जी सांभाळायची, आणि शहरातून आलेल्या मोटारींसाठी डांबर वाढत जायचे, याला संरक्षण म्हणता येत नाही. गर्दीवर मर्यादा हवी तर ती माणसांच्या संख्येवर घालावी, खिशावर नव्हे. ज्या राईत रात्री कोणीच राहू नये, तेथे मंत्र्याच्या पाहुण्यानेही राहू नये. आणि ही मर्यादा ठरविण्याचा पहिला अधिकार २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्यांना मान्यता दिली त्या ग्रामसभांचा असावा.

सिंहगडाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. मे २०२२ मध्ये गडावर खाजगी वाहनांना बंदी करून पायथ्यापासून पीएमपीच्या विजेवर चालणाऱ्या बसगाड्या सोडण्यात आल्या. विचार उत्तम होता. शनिवारवाड्यावरून पन्नास नंबरच्या बसने येणारा आणि स्वतःच्या मोटारीतून येणारा, दोघेही पायथ्याशी एकाच रांगेत उभे राहिले. असे दृश्य या शहरात दुर्मिळ आहे. पण गाड्या अपुऱ्या, घाट अरुंद, वर-खाली माणसे ताटकळलेली. त्याच महिन्यात प्रयोग गुंडाळण्यात आला. तयारी वाढविण्याऐवजी सार्वजनिक व्यवस्थाच मागे घ्यायची आणि मोटारींना पुन्हा रान मोकळे करायचे, हा निर्णय कोणाच्या सोयीचा होता ते उघड आहे. पुढच्याच वर्षी पीएमपीने शनिवार-रविवारसाठी पर्यटन बसगाड्या सुरू केल्या, तेव्हा भाडे ठेवले माणशी ५०० रुपये. सार्वजनिक संस्थेने खाजगी कंपनीसारखे वागायचे ठरविले की असे होते.

राहिला रोजगाराचा मुद्दा. काठावरील तंबूंमुळे मावळच्या पोरांना चार पैसे मिळतात, त्यांच्या पोटावर पाय आणता काय, असे विचारले जाते. येथे कार्यकर्त्यांनी नीट भेद केला पाहिजे. बुडालेल्या गावाच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर पाच तंबू टाकणारा धरणग्रस्ताचा मुलगा, आणि पाण्यात भिंत घालून नौकानयनाची जाहिरात करणारा मुंबईचा बंगलेवाला, हे एका मापाने मोजायचे नाहीत. पहिल्याची अवस्था अशी की गिऱ्हाईक आणून देणारी शहरातली मंडळी त्याच्या कमाईतून दलाली कापून घेतात, पोलिसांचा फेरा चुकत नाही, आणि कोणी बुडाले तर गुन्हा त्याच्यावर. गडावर पिठले-भाकरी व मडक्यातले दही विकणाऱ्या बाईचेही हेच. तिच्या टोपलीला अतिक्रमणाची नोटीस येते, मद्याच्या परवान्याला येत नाही. धरणग्रस्तांच्या व ठाकर-कातकऱ्यांच्या सहकारी संस्थांकडे काठाची व्यवस्था सोपविली, शुल्क सरकारने बांधून दिले, जीवरक्षक, शौचालये व प्रथमोपचार यांचा खर्च जिल्हा नियोजनाच्या निधीतून केला, तर आजच्यापेक्षा अधिक हातांना काम मिळेल आणि दलाली गावातच राहील. सहकाराची वाट लागली आहे, असे यावर कोणी म्हणेल. साखर कारखान्यांत लागली, हे खरे. ती कोणी लावली हे पुणे जिल्ह्यात सांगण्याची आवश्यकता नाही.

कागदावर सार्वजनिक ठरलेली जागा आपोआप लोकांची होत नाही, हे महाराष्ट्राइतके दुसऱ्या कोणत्या प्रांताने अनुभवलेले नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. चवदार तळ्याचे पाणी मात्र मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केल्यावर ओंजळीत आले. तो लढा माणुसकीचा होता. त्याची आणि काठावर तंबू ठोकण्याची बरोबरी कोणी करू नये. पण ठराव आणि ओंजळ यांमधले अंतर कसे तोडावे लागते, एवढे त्यातून शिकता येते.

प्रारंभ पवनेपासून करता येईल. जलाशयासाठी नेमकी किती जमीन संपादन झाली, पूर्णसंचय पातळीच्या वर त्यातली किती उरली, त्या उरलेल्या जमिनीवर कोणाची कुंपणे आहेत, याचे नकाशे व मोजणीपत्रके जलसंपदा खात्यापाशी आहेत. माहितीच्या अधिकाराखाली ती मागविता येतात. पवनानगरच्या धरणग्रस्तांनी आपले जुने सातबारे जपून ठेवले आहेत. पुण्यातील कामगार संघटनांनी व मावळातील धरणग्रस्तांनी ते कागद एकत्र बसून ताडून पाहावेत, प्रत्येक कुंपणाचा गट क्रमांक लिहून काढावा, आणि पुनर्वसनाला लागणारी जमीन धरणग्रस्तांसाठी प्रथम बाजूला काढून बाकीच्या काठाची मागणी जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावी. पुढचा मनाई आदेश निघण्यापूर्वी एवढे काम होण्याजोगे आहे.